१८९७ : नांदुऱ्यावरून गेलेलं वर्ष

वऱ्हाडातल्या वडनेर भोलजीहून नांदुरा स्टेशन बैलगाडीच्या टप्प्यात आहे. या मार्गावर १८६७ साली मुंबईची गाडी नागपूरपर्यंत धावू लागली, ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी. तीनच वर्षांत जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत एक फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रूळ टाकले गाठी बंदरावर नेण्यासाठी, पण त्याच रुळांवरून वर्तमानपत्रं आली, वकील आले, पुढारी आले. १८९७ या एकाच वर्षात त्या वाटेने काय काय गेलं ते पाहिलं की मन थक्क होतं.

तेव्हाचं वऱ्हाड धड इंग्रजांचं नव्हतं आणि धड निजामाचंही नव्हतं. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३च्या तहानं हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच राहिली. कारभाराची सूत्रं हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाती होती. म्हणजे वडनेरचा शेतकरी सारा भरायचा इंग्रज सरकारकडे, आणि त्याची जमीन होती दुसऱ्याच राज्याच्या नावावर!

२२ जून १८९७. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाची साठ वर्षं साजरी होत होती. लंडनच्या मिरवणुकीला निघण्यापूर्वी राणीनं राजवाड्यात विजेचं एक बटण दाबलं आणि तिचा आशीर्वादाचा संदेश तारेनं साम्राज्यभर गेला. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावरचा समारंभ आटोपून परतताना प्लेग कमिटीचा प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. गेलेली आणि आलेली बातमी, दोन्ही तारेनंच.

महिनाभरात, २७ जुलैला, पुण्यातले संपादक टिळक यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आधी जामीन नाकारला गेला. ४ ऑगस्टला तो मंजूर केला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. इथं जरा थांबावंसं वाटतं, कारण या एका माणसात त्या काळाचं सगळं सार्वजनिक जीवन दिसतं. तय्यबजी १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते. मुंबईत इस्लाम जिमखाना उभा राहिला तोही त्यांच्याच पुढाकारानं. राजकारण, न्यायालय आणि क्रिकेटचं मैदान ही तीन वेगळी जगं आहेत असं त्या पिढीला वाटतच नव्हतं.

आणि वाटावं तरी कसं? मुंबईच्या मैदानावर एतद्देशीय पोरं क्रिकेट खेळत, आणि त्याच गवतावर गोरे साहेब पोलोचे घोडे नाचवत. बॉम्बे जिमखान्याची स्वतःची हिरवळ होती, पण ती टापांनी खराब होऊ नये म्हणून घोडे इकडे आणले जात. पोलो आटोपला की जमिनीत खुरांचे खळगे उरत. टप्पा पडलेला चेंडू कुठल्या खळग्यातून कसा उसळेल याचा नेम नसे. फलंदाजाच्या तोंडावरही येई. १८८१पासून पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं, नकार आला की पुन्हा लिहिलं. या धडपडीचा इतिहास शापूरजी सोराबजी यांनी पुस्तकात मांडला, आणि ते पुस्तक छापून आलं १८९७ मध्येच. मला तर ते खेळाच्या पुस्तकाइतकंच नागरिकशास्त्राचं पुस्तक वाटतं. सह्यांचा अर्ज कसा करायचा, सरकारला उत्तर द्यायला कसं भाग पाडायचं, हे धडे मुंबईच्या एका पिढीनं विधिमंडळात जाण्याआधी गवताच्या तुकड्यासाठी गिरवले होते.

नवल असं की त्याच वर्षी इंग्लंडात क्रिकेटवरचं आणखी एक पुस्तक आलं. ते रणजितसिंहजींचं, राणीच्या ज्युबिलीचं नाव लावून तिलाच अर्पण केलेलं. पण रणजींनी वर्षाअखेरीला जे केलं ते पुस्तकाहून मोठं होतं. डिसेंबरात सिडनीच्या कसोटीपूर्वी ते आजारी होते. पावसानं सामना लांबला तेवढीच उसंत मिळाली. अशक्तपणामुळे सातव्या क्रमांकावर उतरून त्यांनी १७५ धावा काढल्या. इंग्लंडकडून तोवर कसोटीत कुणीच एवढ्या काढल्या नव्हत्या. काठेवाडात जन्मलेल्या एका तरुणाला सिडनीच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि ती बातमी समुद्राखालच्या तारेनं जगभर गेली.

ही बातमी ताजी असतानाच मुंबईहून निघालेल्या गाड्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करत बडनेऱ्याला येत होत्या. तिथून फाट्यानं थोडंसं अंतर की अमरावती. २७ डिसेंबरला तिथं काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. अध्यक्ष होते मद्रासचे वकील सी. शंकरन नायर, वय अवघं चाळीस. एव्हाना टिळक तुरुंगात होते. १४ सप्टेंबरला ज्यूरीनं सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना दोषी ठरवलं होतं आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती. ज्यूरीतले सहा युरोपियन एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला! अमरावतीच्या मंडपात सुरेंद्रनाथ बॅनर्जी टिळकांबद्दल बोलले आणि सभा भारावून गेली. निजामाच्या मालकीच्या आणि इंग्रजांच्या ताब्यातल्या भूमीवर, बंगालचा एक वक्ता पुण्याच्या एका संपादकासाठी बोलत होता आणि मद्रासचा अध्यक्ष ते ऐकत होता. रूळ नसते तर हे चारही प्रांत एका मंडपात आले असते का?

हे सगळं झालं शहरांचं. गावात खेळ नव्हता असं मात्र कुणी समजू नये. वऱ्हाडात पोळ्याला आखरावर तोरणाखाली बैल उभे राहतात, पहिला मान कुठल्या जोडीचा हे ठरलेलं असतं, आणि तो मान चुकला तर गावात वर्षभर बोलणं बंद होतं. शंकरपटाच्या शर्यतीत दोन बैलांची जोडी सुटते तेव्हा हलक्या छकड्यावरच्या धुरकऱ्याला कासरा आवळायलाही फुरसत नसते. पळ संपतो काही क्षणांत आणि निकालावरचा वाद चालतो रात्रभर. वर्गणी, पंच, मान, तंटा, तडजोड हे सगळं इथं होतंच. ज्याला आपण सार्वजनिक जीवन म्हणतो त्याचा जुना, भक्कम पाया मला या आखरावर दिसतो. फक्त त्याची बातमी तारेनं कधी गेली नाही.

पुढे तीही गेली. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी व्यायामाचा आखाडा सुरू केला, तो हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून वाढला. १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, या मंडळाचा संघ तिथं गेला आणि वऱ्हाडातल्या पोरांनी हुतूतूसारखे आपल्या मातीतले खेळ जगासमोर करून दाखवले.