बतावणीच्या मातीत ‘इम्प्रोव्ह’चे धडे

नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयीन नटाची तयारी बहुधा संहितेपासून सुरू होते. पाठांतर पक्के झाले की आत्मविश्वास येतो. परंतु ऐन प्रयोगात समोरचा नट एक वाक्य गाळतो आणि सारा डोलारा कोसळतो. अशा वेळी सावरून घेणारी कला म्हणजे उत्स्फूर्त अभिनय. पाश्चात्त्य रंगभूमीवर तिचे विनोदी रूप ‘इम्प्रोव्ह’ या नावाने ओळखले जाते. हजरजबाबीपणा ही उपजत देणगी असते, हा समज अर्धाच खरा आहे. तो तालमीने कमावताही येतो.

अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोतील स्थलांतरितांच्या मुलांना खेळांतून अभिनय शिकविताना ही पद्धत घडविली. त्यांचे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९५९ मध्ये, त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह ‘सेकंड सिटी’ ही विनोदी नाट्यसंस्था उभी केली होती.

या पद्धतीचा पाया एका नियमात आहे. सहकाऱ्याने मांडलेले वास्तव स्वीकारायचे आणि त्यात आपली भर घालायची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, तो प्रसंग घेऊ. एक नट विचारतो, ‘दादा, पाण्याची गाडी आली का?’ दुसरा म्हणाला, ‘कसली गाडी? इथं तर लगीन चाललंय,’ तर प्रेक्षक क्षणभर हसतील, पण प्रवेश तेथेच संपेल. ‘आली की! पण टीसी म्हणतो, बादलीचं तिकीट दाखव,’ असे उत्तर आले तर टीसी, बादली आणि रांग असे सारे नाट्य आपोआप उभे राहते. मात्र त्यासाठी नटाला आधी ऐकावे लागते. स्वतःच्या पुढच्या वाक्यावरचे लक्ष काढून ते सहकाऱ्यावर ठेवावे लागते आणि हीच सवय लिखित नाटकातही उपयोगी पडते. टाळीसाठी विनोद शोधत राहणारा नट येथे सर्वाधिक अडखळतो.

मराठी मुलखाला हे नवे नाही. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी येते, मग वग. जुन्या वगांत अनेकदा कथानकाचा सांगाडा तेवढा ठरलेला असे; संवाद नट आयत्या वेळी रचत. सोंगाड्या त्या गावचीच एखादी गोष्ट उचलून सरदाराला कोंडीत पकडी. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी ताज्या राजकारणावर केलेल्या पदरच्या कोट्या गाजल्या. सोंगाड्याचे हे शिक्षण कोणत्याही वर्गात झाले नव्हते. फडात रात्रीमागून रात्री उभे राहून ते झाले होते. तमाशाचे फड रोडावत चालल्याने ती शाळाही आक्रसली आहे.

हौशी नटापुढची अडचण निराळी. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचे तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. साहजिकच, पदरचे बोलण्याला मंचावर फारसा वाव उरत नाही. उत्स्फूर्ततेची जागा तालमीची खोली. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवातील प्रहसन मात्र त्यासाठी सोयीचे आहे. सहा कलावंत, दहा मिनिटे. विषय ठरवून उभे राहायचे, बोलत बोलत प्रवेश रचायचा आणि जमलेले तेवढे नंतर लिहून काढायचे.

मराठवाड्यापुढे डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचे उदाहरणही आहे. नांदेड-लातूरची महाविद्यालये १९९४ पर्यंत ज्या विद्यापीठाशी संलग्न होती, तेथेच ते नाट्यशास्त्र शिकवीत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ते बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत, त्याही मराठवाडी बोलीत. प्रयोग संहितेचा असला तरी आवाज आणि देहबोली क्षणात पालटण्याची त्यांची तयारी इम्प्रोव्ह शिकणाऱ्याने जरूर अभ्यासावी.

आणि प्रत्यक्ष पाहायचे असेल तर नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, माळेगावी, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. लावणी महोत्सवाला गर्दी लोटतेच. तमाशाच्या तंबूत मात्र वही घेऊन, सोंगाड्या जेथे उभा राहतो त्या बाजूला बसावे.