बीड जिल्ह्यातील स्वतंत्र ऑनलाइन वस्त्रदालन : छायाचित्र आणि समाजमाध्यमांची भूमिका

प्रस्तावना :
अकरा तालुक्यांचा बीड जिल्हा महाराष्ट्राला प्रामुख्याने ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून परिचित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २५.८५ लाख असून तीपैकी जवळजवळ चार पंचमांश ग्रामीण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे स्थानिक कापड दुकानाचा हंगाम लगीनसराई आणि सणासुदीपुरता आखडतो. बीड शहर रेल्वेने जोडले जाण्यास १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. अशा जिल्ह्यातील एखाद्या तरुणीने वा छोट्या व्यापाऱ्याने स्वतःचे ऑनलाइन वस्त्रदालन उघडणे म्हणजे गावाचा हंगाम आणि गावाची वेस या दोन्ही मर्यादा ओलांडणे होय. २०१६ मध्ये युपीआय सुरू झाले, त्याच वर्षी मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ही शक्यता प्रत्यक्षात आली.

स्वतंत्र दालनाचा अर्थ :
मोठ्या संकेतस्थळावर माल मांडणारा विक्रेता आणि स्वतंत्र दालन यांत भेद केला पाहिजे. पहिल्याला ग्राहक आयता मिळतो, परंतु तो ग्राहक त्याचा नसतो. सुरतेच्या घाऊक व्यापाऱ्याकडून आलेली चित्रे व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवून चालणारी विक्रीही या अर्थाने स्वतंत्र नव्हे, कारण तेच चित्र शेकडो जणांच्या भ्रमणध्वनीवर असते आणि मग स्पर्धा उरते ती केवळ किमतीची. स्वतंत्र दालनाचे खरे भांडवल म्हणजे त्याने स्वतः निवडलेला माल व स्वतः काढलेले छायाचित्र. मुंबईतील ‘सुता’ हे या संदर्भात उल्लेखनीय उदाहरण आहे. सुजाता आणि तानिया बिस्वास या भगिनींनी २०१६ मध्ये ते सुरू केले. प्रारंभी त्या स्वतःच साड्या नेसून छायाचित्रांत उभ्या राहिल्या आणि साड्यांना नावे दिली. व्यावसायिक मॉडेलचा खर्च टळला, शिवाय साडी विकणारे कोण आहे हे ग्राहकाला दिसले.

छायाचित्र : स्पर्शाचा पर्याय
कापड दुकानात गिऱ्हाईक साडीचा पोत बोटांनी पाहते, पदर उलटून पाहते, उजेडात नेऊन रंग पाहते. ऑनलाइन व्यवहारात ही तिन्ही कामे छायाचित्राला करावी लागतात. गोदावरीपलीकडील पैठणची पैठणी हे याचे उत्तम उदाहरण. हातमागावरील अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षी मागील बाजूसही जवळपास तशीच स्वच्छ दिसते, तर यंत्रमागावरील नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. म्हणून पदराच्या उलट्या बाजूचे चित्र नसलेली जाहिरात जाणकार ग्राहकाला अपुरीच वाटणार. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव साधते, आणि ती स्थिर चित्रात पकडता येत नाही. तेथे कापड हलते दाखवणारी दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत आवश्यक ठरते. रील ही केवळ टूम नाही, हे येथे लक्षात येते.

उपकरणांचा प्रश्न त्या मानाने गौण आहे. साधा भ्रमणध्वनी, खिडकीतून तिरपा येणारा सकाळचा उजेड आणि समोरच्या बाजूला सावली उजळवणारी पांढरी चादर एवढ्यावर चांगले चित्र निघते. फ्लॅशने जर चकाकते आणि तिचा खरा रंग हरवतो. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी रंग हिरवट दिसतो. चौकटीत पांढरा कागद ठेवून आधी रंगसंतुलन साधावे व सौंदर्यवर्धक फिल्टर कटाक्षाने बंद ठेवावेत. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणवैशिष्ट्यांशी सुसंगत असली पाहिजे, आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. मुंबई-पुण्याहून परत आलेल्या एका पार्सलाचा दुहेरी खर्च छोट्या दालनाचा चार-पाच विक्रींतील नफा गिळू शकतो. रंगाचा प्रामाणिकपणा हा अशा रीतीने हिशेबाचाही विषय आहे.

उसनी जागा :
इन्स्टाग्राम, फेसबुक वा यूट्यूब ही दालनाची मालमत्ता नव्हे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तेथे जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. यासाठी ग्राहकांचे क्रमांक त्यांच्या संमतीने स्वतःजवळ नोंदवणे आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवरील मालसूची अद्ययावत ठेवणे हे अनुयायांच्या संख्येपेक्षा अधिक मोलाचे मानावे लागेल. प्रसिद्धीतील भाषेचाही विचार व्हावा. इंग्रजीतील ठरावीक विशेषणांपेक्षा काठ, पदर, बुट्टी, पोत हे शब्द मराठी ग्राहकाला अधिक नेमके सांगतात.

कारागिराचे श्रेय :
जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला सादर केल्या, पण मूळ कलेचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. समाजमाध्यमांवर चित्रे पसरली, टीका झाली आणि काही दिवसांतच कंपनीला भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. हा दोष परदेशी कंपन्यांचाच आहे असे मानण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील तांड्यांवर बंजारा स्त्रियांचे आरसे, कवड्या व रंगीत धाग्यांचे भरतकाम आहे. ते एखाद्या कुर्त्यावर लावून ‘एथनिक’ या मोघम नावाने विकणारे दालन त्याच वाटेने जाते. चित्राखाली तांड्याचे व, तिची इच्छा असल्यास, कारागीर स्त्रीचे नाव द्यावे. तिचे छायाचित्र वापरायचे तर ते कोठे व किती काळ दिसेल हे तिला तिच्या बोलीत आधी सांगावे आणि छायाचित्रणात गेलेल्या दिवसाची मजुरी वेगळी द्यावी.

छायाचित्राच्या मालकीचाही खुलासा येथे आवश्यक आहे. लग्नाचा हंगाम सरला की अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील छायाचित्रकारांना काम कमी असते, त्या काळात त्यांच्याकडून वाजवी दरात चित्रे काढून घेता येतील. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे राहतो. हाच करार कागदावर आणून त्यात छायाचित्रकाराला आपल्या कामाचा नमुना म्हणून ती चित्रे दाखवण्याची मुभा दिल्यास पुढील हंगामात दोघांनाही त्याचा उपयोग होतो.