हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला आहे, तर सिंधुदुर्ग नैऋत्य टोकाला. गोंदियाजवळील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी तयार झाली. तेथून प्रवासी विमानसेवा मात्र 13 मार्च 2022 रोजी सुरू झाली. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी विमानतळाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले. लहान शहरे हवाई मार्गाने जोडण्यासाठी केंद्र शासनाने 2016 मध्ये 'उडान' योजना जाहीर केली आणि दूरच्या भागांतील अशा विमानतळांना महत्त्व आले.

पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला असता जी सर्वांत लहान रेषा मिळते, तिच्या लांबीस हवाई अंतर म्हणतात. डोंगर, नद्या व वळणे यांचा त्यात हिशेब नसतो. बिरसी ते चिपी हे अंतर सुमारे 940 किलोमीटर आहे.

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो. पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. या वेगाने 940 किलोमीटरला एक तास त्रेपन्न मिनिटे लागतील. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे या काळात वेग कमी असतो. म्हणून प्रत्यक्षात सव्वादोन तास धरणे योग्य ठरते. समोरून जोराचा वारा असल्यास हा वेळ आणखी वाढतो.

थेट विमान नसेल, तर मोठ्या शहरात विमान बदलावे लागते. हैदराबादमार्गे गेल्यास हवाई अंतर सुमारे 1,055 किलोमीटर होते, म्हणजे केवळ 115 किलोमीटरची भर पडते. वेळ मात्र कितीतरी वाढतो. दोन वेळा उड्डाण, दोन वेळा उतरणे आणि मधली प्रतीक्षा यांतच तो खर्च होतो. पुढचे विमान पाच तासांनी असेल, तर विमानाचा वेग कितीही असो, ते पाच तास वाचत नाहीत.

जमिनीवरचा प्रवासही विसरून चालत नाही. लखनौचे इंदिरा नगर शहराच्या ईशान्य भागात आहे आणि अमौसी येथील विमानतळ नैऋत्येला. तेथील प्रवाशाला आधी सारे शहर ओलांडावे लागते. शिवाय सामान देण्याची खिडकी उड्डाणापूर्वी सुमारे एक तास बंद होते. वेळापत्रकात छापलेला कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचाच असतो.

नोकरीची मुलाखत, रुग्णालयातील ठरलेली वेळ किंवा न्यायालयातील तारीख कोणाची वाट पाहत नाही. अशा वेळी किलोमीटर मोजण्यापेक्षा घराच्या दारापासून इच्छित स्थळाच्या दारापर्यंतचे तास मोजावेत. तिकीट काढण्यापूर्वी केलेला हा साधा हिशेब पैसा आणि संधी दोन्ही वाचवतो.