श्वासाची वाट – भाग ९ : फुफ्फुस अचानक आक्रसते तेव्हा

फुफ्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणाची ओळख आपण मागच्या आठवड्यात करून घेतली. त्या दोन पदरांमध्ये हवा शिरली तर काय होते, ते आज पाहू. या आजाराला न्यूमोथोरॅक्स म्हणतात.

रुग्ण बहुधा विशी-तिशीतला, उंच, सडपातळ आणि एरवी धडधाकट तरुण असतो. बसल्या जागी छातीच्या एका बाजूला कळ येते, दम लागतो. घरचे म्हणतात, गॅस धरला असेल. एका दिवसात दुखणे ओसरतेही. पण फुफ्फुस आक्रसलेलेच असते. म्हणून हा आजार अंगावर काढला जातो.

फुफ्फुसाची ओढ आत आक्रसण्याकडे, तर छातीच्या पिंजऱ्याची बाहेर. या ताणामुळे दोन पदरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो आणि फुफ्फुस फुगलेले राहते. काहींच्या फुफ्फुसाच्या शेंड्याकडे पातळ भिंतीचे हवेचे फोड असतात. त्यातला एखादा फुटला की हवा पदरांमध्ये शिरते आणि फुफ्फुस आक्रसते. धूम्रपानाने हा धोका कित्येक पटींनी वाढतो. क्षयरोग, सीओपीडी अशा आजारांनी फुफ्फुस आधीच पोखरलेले असेल, तर थोडी हवाही जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाला रुग्णालयातच ठेवावे लागते.

निदान बहुतेकदा छातीच्या साध्या एक्स-रेवर होते. उपचार मात्र आता बदलले आहेत. पूर्वी एक्स-रेवर हवा जास्त दिसली की नळी घातली जाई. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ३१६ रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाचा दुसरा आजार नसलेल्या या रुग्णांपैकी ज्यांना फक्त देखरेखीखाली ठेवले, त्यांच्यातल्या बहुतेकांचे फुफ्फुस आठ आठवड्यांत आपोआप पूर्ववत झाले. त्यामुळे रुग्णाला त्रास किती आहे, हे आता अधिक महत्त्वाचे ठरते. दम लागत असेल तर सुईने हवा काढतात किंवा बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडतात. ही बाटली कायम छातीच्या पातळीखाली ठेवायची, हे नातेवाइकांनी पक्के लक्षात ठेवावे. हवा गळतच राहिली किंवा आजार उलटला, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून फोड काढतात आणि दोन्ही पदर एकमेकांना चिकटतील असे करतात.

सुमारे तीनांपैकी एकाला हा त्रास पुन्हा होतो. म्हणून विडी-सिगारेट कायमची सोडा. एक्स-रे पूर्ववत झाल्यावर डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच विमानाने प्रवास करा. स्कूबा डायव्हिंगचा विचार सोडून द्या.

छातीत अचानक कळ आली तर ती गॅसची की हृदयाची की फुफ्फुसाची, याचा निवाडा घरी करू नका. त्याच दिवशी तपासून घ्या. दम वाढत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा भोवळ येत असेल, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा. हवेचा दाब हृदयावर येऊ लागला, तर काही मिनिटांचा उशीरही जीव घेऊ शकतो.

(पुढील आठवड्यात : फुफ्फुसाभोवती पाणी का साचते?)