गिझरची गळती : थेंब कुठून पडतो ते पाहा

साठवणीच्या गिझरमुळे होणारे नुकसान त्याच्या टाकीच्या मापात राहत नाही. टाकी २५ लिटरची असली, तरी गच्चीवरून तिच्यात पाणी येतच राहते. तिला भोक पडले, तर गच्चीवरची हजार लिटरची टाकीही त्यातून रिकामी होऊ शकते. सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी प्लास्टरमध्ये मुरते. खालच्या खोलीच्या छताला फुगवटे येतात, आणि ओल विजेच्या वायरिंगपर्यंत पोचली तर शॉकचा धोका असतो. मात्र टाकी एकाएकी क्वचितच फुटते. आधी ती ठिबकते, आणि थेंब कुठून पडतो यावरून दोष ओळखता येतो.

थंड पाण्याच्या जोडाशी असलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून, फक्त पाणी तापत असताना पडणारा थेंब हा दोष नव्हे. २५ अंशांचे पाणी ६५ अंशांपर्यंत तापले की ते सुमारे पावणेदोन टक्के फुगते. २५ लिटरमागे साधारण चारशे मिलिलिटर. गरम पाणी उलट वाहू नये म्हणून याच व्हॉल्व्हमध्ये एकमार्गी पडदा असतो. त्यामुळे नळ बंद असताना फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. टाकीतला दाब वाढतो आणि ठरलेल्या मर्यादेला, बहुतेक गिझरमध्ये ८ बारला, व्हॉल्व्ह थोडे पाणी सोडतो. ही गळती बुच मारून बंद करणे ही गिझरबाबतची सर्वांत घातक चूक आहे, कारण थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारा हाच भाग असतो. त्याच्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडावी. गिझर थंड असतानाही व्हॉल्व्ह ठिबकत असेल, तर मात्र त्यात कचरा अडकलेला असतो किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त असतो.

आवरणाच्या तळाशी तांबूस ओघळ दिसले, तर टाकीच गंजली आहे. डहाणू, चिंचणी, बोर्डी या किनारपट्टीवर ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते. समुद्रालगत उपसा वाढला की गोड्या पाण्याखालचे खारे पाणी विहिरी-बोअरकडे सरकते. त्यातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर भेदून बारीक खड्डे पाडते. कठीण पाण्यातला चुना तापल्यावर हीटरवर बसतो, आणि त्या थराखाली हीटर जास्त तापून लवकर जळतो.

टाकी वाचवण्यासाठी आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. कारागीर तिला अॅनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम पोलादाआधी झिजते आणि तेवढा काळ पोलाद सुरक्षित राहते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा जस्त आणि लोखंडाचे तुकडे लावून वाचवला, त्यामागचे तत्त्वही हेच. कांडी संपली की टाकीची पाळी येते, म्हणून बोअरच्या पाण्यावर ती दरवर्षी काढून पाहावी. भोक पडलेल्या टाकीला एम-सील लावून उपयोग नाही. ती बदलावीच लागते.

जोडावर दिसणाऱ्या थेंबाचे कारण बहुधा झिजलेले वॉशर किंवा सैल आटा असतो. डहाणू आणि तलासरीत आणखी एक गोष्ट येते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना लहान भूकंपांच्या मालिकेने वारंवार हादरवले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतला एक धक्का चार रिश्टरच्या पुढे गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसवले. पाण्याने भरलेला २५ लिटरचा गिझर तीस किलोहून अधिक वजनाचा असतो. भिंत हलली की तो आपल्या वजनाने वेगळा झोका घेतो आणि सगळा ताण ताठ नळीच्या जोडावर येतो. कॅलिफोर्नियात पाणी तापवण्याच्या टाक्या पट्ट्यांनी बांधून ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे. इथे भिंतीवर टांगलेल्या गिझरला पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर हवेत आणि दोन्ही जोड लवचीक नळीचे हवेत. कुडाच्या भिंतीवर गिझर टांगूच नये. जाणवेल असा धक्का बसल्यावर ब्रॅकेट आणि दोन्ही जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावेत. कागद ओला झाला तर जोड सुटू लागला आहे.

गळती सुरू झाल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी मेन स्विच बंद करायचा, मग गिझरकडे येणारा कॉक. टाकी रिकामी होत असताना हीटर चालू राहिला तर तो जळतो. पाणी लगेच तोडता यावे म्हणून हा कॉक गिझरजवळ, हाताच्या उंचीवर हवा. अनेक घरांत तो नसतोच, आणि पाणी तोडायला गच्चीवर धावावे लागते. गिझर माळ्यावर बसवला असेल, तर खाली निचऱ्याची नळी असलेला ट्रे ठेवावा. गिझरच्या विजेच्या लाइनवर ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी असावा. गावाला जाताना कॉक आणि स्विच दोन्ही बंद करून निघावे. परतल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्यावी आणि मगच स्विच लावावा.