घरात बाळ, दारात नाताळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २६ डिसेंबरच्या सकाळी काळेवाडीतील एक जोडपे अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. आदल्या रात्रीपासून खोकला, ताप मात्र नाही. बाळाचा पहिलाच नाताळ, घरात पाहुण्यांची वर्दळ, उशिरापर्यंत जागरण आणि बाहेर डिसेंबरची थंडी. छातीत किंचित घरघर ऐकू येत होती. मी सर्दी-खोकल्याचे औषध लिहून दिले आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितले. दोन दिवसांनी खोकला तसाच होता. या वेळी सोबत आजी आल्या होत्या. मी छाती तपासत असताना त्या सहज म्हणाल्या, "नाताळच्या संध्याकाळी कुणीतरी याला केकचा घास भरवला होता, डॉक्टर. चांगलाच ठसका लागला. पण मग राहिला."

मी पुन्हा नीट कान देऊन ऐकले. उजव्या बाजूला हवा डाव्या बाजूपेक्षा कमी जात होती. मुलाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण घालून शेंगदाण्याची अर्धी पाकळी काढण्यात आली. मूल सुखरूप घरी परतले. परंतु पहिल्या दिवशी मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नव्हता : "खाताना किंवा खेळताना बाळाला अचानक ठसका लागला होता का?" त्यानंतर आजतागायत खोकणाऱ्या प्रत्येक तान्ह्या मुलाच्या आईवडिलांना मी तो विचारत आलो आहे.

वाचकहो, आजींचे ते शब्द, "पण मग राहिला", हेच या लेखाचे कारण. ठसका थांबला म्हणजे वस्तू बाहेर पडली, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बाळाची श्वासनलिका साधारण त्याच्या करंगळीएवढी रुंद असते. घशाकडून निसटलेला कण खाली उतरून एखाद्या फुप्फुसाच्या वाटेवर अडकला, की सुरुवातीची जोराची उबळ पुष्कळदा शमते. मूल पुन्हा हसू-खेळू लागते. ही शांतता काही तास, कधी काही दिवस टिकते. मग खोकला, एकाच बाजूची घरघर, ताप आणि पुन्हापुन्हा होणारा न्यूमोनिया. उजव्या फुप्फुसाकडे जाणारी नळी अधिक रुंद आणि सरळ असल्यामुळे अशा वस्तू बहुधा तिकडेच जातात. शेंगदाणा, काजू, हरभरा एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे "फोटो चांगला आला" एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. दाण्यातील तेलाने नळीचे अस्तर सुजते, ते वेगळेच. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्या पिंपरीत प्रत्येक खोकल्यावर अँटिबायोटिक मागितले जाते, हा एक विनोदच आहे. अडकलेल्या शेंगदाण्यावर मात्र ते चालत नाही.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात नाताळ अनेक भाषांत साजरा होतो. नगर, श्रीरामपूर, जालना भागातून कामानिमित्त आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे, केरळ आणि तमिळनाडूतून कारखान्यांत आलेली कुटुंबे, देहूरोडसारख्या लष्करी वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरे. डिसेंबर लागला की या सर्वांच्या गॅलऱ्यांत कागदी तारे झळकू लागतात. मराठी ख्रिस्ती घरात केक असतोच, पण करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि चिवडाही असतो. थोडक्यात, लहान मुलाच्या घशात अडकू शकणारे बहुतेक पदार्थ एकाच ताटात येतात. केकमधील काजू, अक्रोड, मनुका आणि टुटीफ्रुटी, चिवड्यातील दाणे आणि खोबऱ्याचे काप, कडक तळलेले कलकल, शेजाऱ्यांकडून आलेली चिक्की. बाळाला पुढचे दात आलेले असतात, त्यामुळे "आता हा चावतो" असे कौतुक होते. पण पुढचे दात तोडतात, दळतात त्या दाढा. पहिल्या दाढा वर्ष उलटल्यावर येऊ लागतात आणि दुधाच्या सगळ्या दाढा यायला दोन-अडीच वर्षे लागतात. अख्खे दाणे आणि सुका मेवा चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नये. बारीक पूड करून खिरीत किंवा लापशीत मिसळावा. द्राक्षे उभी चिरून, चार फाका करून द्यावीत.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला सणाचा घास हवाच असेल, तर मऊ वरणभात, कुस्करलेले रताळे किंवा केळे द्यावे. केक रममध्ये भिजवलेल्या फळांचा असेल, तर तो बाळासाठी नाहीच. मधही वर्षभरापर्यंत चाटवू नये. मधात असू शकणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना स्नायू लुळे पाडणारा बॉट्युलिझम हा विकार होतो. शुद्ध, घरचा, गावाकडचा मध असला तरी हा धोका टळत नाही. सहा महिन्यांखालील बाळाला अंगावरचे दूध पुरेसे आहे, सणाच्या दिवशीसुद्धा.

आणि भरवायचे कुणी, हे आधी ठरवा. एकच व्यक्ती, बाळाला बसवून, शांतपणे. कडेवर घेऊन फिरत, हसवत, या हातातून त्या हातात जाताना भरवलेला घास सर्वांत धोकादायक. पाहुण्याला "नको" म्हणणे आपल्याकडे जड जाते, हे मला ठाऊक आहे. "डॉक्टरांनी मनाई केली आहे" असे बेलाशक सांगा. आम्ही याच कामासाठी असतो.

तरीही घशात अडकलेच तर? बाळ जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या. त्याच्याइतका चांगला उपाय आपल्याजवळ नाही. खोकला मंदावला, रडण्याचा आवाज फुटेना, ओठ निळसर दिसू लागले, तर एक क्षणही न दवडता बाळाला आपल्या पुढच्या हातावर पालथे घ्या, डोके छातीपेक्षा खाली आणि जबडा आपल्या तळहातात धरलेला. दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडील भागाने त्याच्या दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये पाच ठाम थापा मारा. वस्तू निघाली नाही, तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाब द्या. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ क्रमांकाला फोन करावा. बाळ निपचित पडले, तर छातीचे दाब आणि तोंडाने श्वास देणे सुरू करून मदत येईपर्यंत थांबू नये. वस्तू स्पष्ट दिसत असेल तरच ती काढावी. अंदाजाने बोट घातल्यास ती आणखी आत जाते. पाय धरून उलटे टांगणे आणि पाणी पाजणे, हे दोन्ही घरगुती उपाय टाळा. वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब देऊ नये. ती पद्धत मोठ्या मुलांची. हे वाचून संपल्यावर उशीवर एकदा करून पाहा. प्रसंगी हाताला सवय असलेली बरी.

ठसका लागून पूर्ण थांबला आणि नंतर खोकला किंवा घरघर राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ठसक्याची हकिगत न विचारताही सांगा.

आता घराच्या सजावटीकडे वळू. नाताळच्या देखाव्यातील गव्हाणी मला फार आवडते. परंतु त्यातील मेंढरे, मेंढपाळ आणि स्वतः बाळ येशूची मूर्ती नेमकी रांगत्या मुलाच्या तोंडात मावेल अशा आकाराची असते. आमच्या काळी कॅमेऱ्याच्या रोलची छोटी डबी माप म्हणून सांगत : जी वस्तू तिच्यात मावते, ती मुलाच्या हाती देऊ नये. हल्ली डबी कुणाकडे सापडत नाही, तत्त्व मात्र टिकून आहे. देखावा कपाटावर मांडा. बर्फासाठी पसरलेला कापूस, थर्माकोलचे मणी आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे बाळाच्या हाती लागू देऊ नका. फुग्याचे रबर घशावर झाकणासारखे बसते आणि थापांनीही सहजी निघत नाही.

सर्वांत जास्त भीती मला वाटते ती चपट्या, नाण्यासारख्या बटण सेलची. गाणारी शुभेच्छापत्रे, लुकलुकणारे बिल्ले, छोट्या मेणबत्तीसारखे दिवे, खेळण्यांचे रिमोट, सगळ्यांत तो असतो. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या अस्तरातून वीज वाहू देतो, तेथे दाहक क्षार तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत खोल जखम होऊ शकते. मूल सुरुवातीला फक्त लाळ गाळते, खायला नकार देते. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नका, तान्ह्याला काही खाऊ-पिऊ घालू नका, थेट एक्स-रेची आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. २५ डिसेंबरला खासगी दवाखाने बंद असतात. जवळचे कोणते रुग्णालय चोवीस तास उघडे असते आणि तेथे लहान मुलांचे डॉक्टर असतात का, याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी. सेलचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल, ते खेळणे कितीही महागाचे असले तरी माळ्यावर टाका.

पाहुणे येणारच, आणि बाळाला पाहायलाच येणार. डिसेंबर-जानेवारी हा श्वसनमार्गाच्या विषाणूंचा हंगाम. मोठ्यांना जी साधी सर्दी, तीच तीन महिन्यांच्या बाळाच्या फुप्फुसातील सूक्ष्म नळ्या सुजवते. हात धुऊन बाळाला घ्यावे, चेहऱ्याची पापी घेऊ नये, ज्याला खोकला आहे त्याने लांबूनच आशीर्वाद द्यावा. गोवरची पहिली लस नऊ महिन्यांना मिळते. तोवर बाळाचे रक्षण भोवतालची माणसेच करतात, म्हणून घरातील मोठ्या भावंडांच्या लसी पूर्ण आहेत का, हे पाहून घ्या. बाळ आजारी वाटले, तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

मध्यरात्रीच्या उपासनेला किंवा मिस्साला बाळाला न्यावे का, हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. मुदतीचे, निरोगी बाळ असेल आणि चर्चमध्ये दाराजवळची मोकळी जागा मिळत असेल, तर थोडा वेळ न्यायला हरकत नाही. मात्र २५ तारखेच्या सकाळची उपासना माझ्या मते उत्तम. आपल्याला जितके कपडे लागतात, त्यापेक्षा एक थर अधिक. आत गेल्यावर टोपी आणि स्वेटर उतरवावा. मानेला घाम असेल, तर बाळाला उकडते आहे. दुचाकीवरून दोघांच्या मध्ये बाळ धरून गार वाऱ्यात चाकणहून पिंपरीला येणारी कुटुंबे पाहिली की माझा जीव वरखाली होतो. २०२२ साली अधिसूचित झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. त्याहून लहान बाळाला तर हेल्मेटच बसत नाही. रिक्षा करा. तो खर्च सणाचाच समजा. आणि एका खोलीच्या घरात उबेसाठी कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपू नका. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

या सगळ्यात बाळाच्या आईचा विचार शेवटी होतो. पहिला नाताळ, म्हणून पाच प्रकारचा फराळ तिनेच करायचा, रात्री दोनदा उठून पाजायचे आणि सकाळी नवी साडी नेसून हसतमुखाने दारात उभे राहायचे. या दिवसांत दूध कमी झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक आयांना औषध नको असते, झोप हवी असते. केक बेकरीतून आणावा, करंज्या सासूबाईंनी लाटाव्यात, तळणीला बाळाच्या बाबांनी बसावे. कारखान्यात भट्टीपुढे उभा राहणारा गडी कढईपुढे उभा राहू शकतो. पाहुण्यांची वेळ ठरवून घ्यावी आणि आतली एक खोली, निदान एक पडदा, बाळाच्या दुधासाठी आणि झोपेसाठी राखून ठेवावा.

बाळाला यातले काही आठवणार नाही. आठवण राहणार ती घराची. एका कुटुंबाने करंजीच्या कणकेचा जाड गोळा थापून त्यावर बाळाच्या तळव्याचा ठसा घेतला, वाळवला आणि मागे तारीख घातली. दर नाताळला ते नवा ठसा घेतात आणि ओळीने मांडतात. दुसऱ्या एका आजोबांनी नातवाच्या पहिल्या नाताळचा कागदी तारा जपून ठेवला आहे. दरवर्षी त्याच ताऱ्याला नवा कागद चिकटवतात.

नाताळानंतर जेमतेम तीन आठवड्यांत, १४ जानेवारीला, शेजारच्या घरी संक्रांत येते आणि मग बोरन्हाण. बोरे, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे, गोळ्या, सगळे बाळाच्या डोक्यावरून ओतायचे आणि भोवतीच्या मुलांनी लुटायचे. वर लिहिलेले सर्व तेथेही तंतोतंत लागू आहे. बाळाला काळे झबले घाला, हलव्याचे दागिने एका फोटोपुरते ठेवा, बोरे आणि करवे बाजूला बसलेल्या मोठ्या मुलांच्या ओंजळीत ओता. लूट संपली की बाळाला खाली सोडण्यापूर्वी सतरंजी उचलून झाडा. कारण एखादे बोर कोपऱ्यात राहतेच, आणि रांगणाऱ्या मुलाला ते आपल्याआधी सापडते.