फिट थांबवायला विजेची पट्टी? औंढ्यातल्या रुग्णांनी गोळी सोडण्याआधी हे वाचा

औंढा नागनाथ : फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची, दातांत चमचा घालायचा, हे प्रकार अजून थांबलेले नाहीत. त्यात आता मोबाइलवर नवी चर्चा आली आहे. डोक्याला पट्टी लावून, ऑपरेशन न करता, सौम्य विजेने मिरगी आटोक्यात आणायची. यात तथ्य किती?

तंत्र खरे आहे. नाव ‘टीडीसीएस’. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या संकेतांनी बोलतात. एखाद्या भागातल्या अनेक पेशी एकदम, अनावर पेटल्या की फिट येते. टीडीसीएसमध्ये ओलसर स्पंजचे दोन इलेक्ट्रोड लावून साधारण २० ते ३० मिनिटे १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह सोडतात. मोबाइलच्या चार्जरवर ‘२ अँपिअर’ लिहिलेले असते, त्याचा हा हजारावा भाग. बराचसा प्रवाह तर डोक्याच्या कातडीतूनच निघून जातो. जो आत पोहोचतो, त्याने ऋण इलेक्ट्रोडखालच्या पेशी थोड्या ‘थंड’ होतात, सहजासहजी पेटत नाहीत. मानसोपचारातला ‘शॉक’ तो हा नव्हे. त्यात प्रवाह कितीतरी मोठा असतो आणि फिट मुद्दाम आणली जाते.

पुरावा किती? २००६ मध्ये मेंदूची जन्मजात रचना बिघडलेल्या १९ रुग्णांवर चाचणी झाली. ईईजीतले मिरगीचे ठोके स्पष्टपणे घटले, पण प्रत्यक्ष फिट्समधली घट ठाम म्हणावी इतकी नव्हती. मेक्सिकोत २०१७ च्या अभ्यासात काही दिवस सलग प्रवाह दिल्यावर दोन महिन्यांनी फिट्स कमी दिसल्या. मात्र असे अभ्यास लहान आहेत. अमेरिकेच्या एफडीएने मिरगीसाठी टीडीसीएसला मान्यता दिलेली नाही. तिथे १९९७ पासून मान्य असलेले व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन वेगळे: त्यात छातीच्या कातडीखाली यंत्र बसवावे लागते.

शिवाय हा सगळा खटाटोप कोणासाठी? दोन योग्य औषधे, योग्य मात्रेत घेऊनही फिट थांबत नाही, अशांसाठी. हे साधारण एक तृतीयांश रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. म्हणजे बहुतेकांचा प्रश्न यंत्राचा नाही, रोजच्या गोळीचा आहे. गोळी चुकली, मुलीच्या लग्नासाठी लपवली किंवा अचानक बंद केली की फिट उसळते, कधी जिवावरही बेतते. (मिरगी हे विवाह रद्द करण्याचे कारण १९९९ मध्येच कायद्यातून वगळले गेले, हे बैठकीत बसणाऱ्या मंडळींनाही सांगायला हवे.)

हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. पहिली तपासणी तिथे किंवा जिल्हा रुग्णालयात करता येते. यूट्यूब बघून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर घरी पट्टी जोडणे मात्र वेडेपणा आहे. कातडी भाजते, आणि इलेक्ट्रोड उलटे लागले तर पेशी थंड होण्याऐवजी चेततात.

फिट आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.